हे कोणाला सांगितलंय?

रत्नागिरी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हल्ली एवढं लांब कोणी लिहीत नाही, म्हणून आधी आनंद झाला आणि मग राग आला. तुझ्यावर नाही. तुमच्या ऑफिसात दिवसभराचं शिबिर घेऊन, धडपड सोडा, पाण्यासारखं वाहत राहा, चिनी ऋषी हेच सांगून गेलेत आणि त्याला वू वेई म्हणतात, असं शिकवून गेलेल्या त्या गृहस्थांवर. त्याच आठवड्यात तुमच्या टीममधली माणसं कमी केली आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या गळ्यात आलं, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम लिहावा तसं लिहिलं आहेस. माझ्या मते पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं.

त्या निमित्ताने तू लाओत्से उघडलास आणि तो तुला आवडला, हे मात्र छान झालं. तू विचारलं आहेस, की वू वेई म्हणजे शेवटी आपल्या गीतेतला निष्काम कर्मयोगच ना? हा मोह जुना आहे. मॅक्स म्युलरने ऑक्सफर्डहून पूर्वेकडच्या धर्मग्रंथांची जी प्रचंड इंग्रजी मालिका काढली, तिच्यातला गीतेचा अनुवाद आपल्या मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा आहे, १८८२ सालचा. त्याच मालिकेत १८९१ मध्ये जेम्स लेगने केलेले लाओत्से आणि च्वांगत्से या ताओपंथी ग्रंथांचे अनुवाद आले. एकाच बांधणीची पुस्तकं एका फळीवर बसली, की ती भावंडं वाटायला लागतात. पण दोन्ही नीट वाचून बघ. गीतेत अर्जुनाला काम टाळायची मुभा नाही. त्याने सोडायचा आहे तो फळावरचा हक्क. लाओत्सेला फळ हवंच आहे. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही हात कमी घाला म्हणजे कामं आपोआप मार्गी लागतील. तो सोडायला सांगतो ती ढवळाढवळ, आणि झालेल्या कामाचं श्रेय. एकीकडे करणाऱ्याच्या मनाची स्वच्छता, दुसरीकडे सत्तेच्या लुडबुडीला चाप. दोन्ही थोर, पण घराणी वेगळी.

आणि हे मी एकटीच म्हणते असं नाही. इ.स. ६४७ मध्ये थांग सम्राट थायत्सुंगने ह्युएन त्संगला लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’चं संस्कृत भाषांतर करायला सांगितलं. कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, भास्करवर्मा राजाला ते हवं होतं. ह्युएन त्संग म्हणजे तोच, काही वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचं वर्णन लिहून गेलेला. मदतीला ताओपंथी पंडित दिले होते. त्यांचं मत पडलं, की बौद्ध शास्त्रांचा आधार घेऊन लाओत्से समजावून द्यावा. ह्युएन त्संग ऐकेना. दोन मतं वेगळी आहेत, एकाच्या तोंडी दुसऱ्याचं तत्त्वज्ञान घालायचं नाही, यावर तो अडून बसला. स्वतः बौद्ध भिक्षू, ताओपंथाचं त्याला काही कौतुक नव्हतं. तरी परक्या पुस्तकाला त्याने दिलेला हा मोठाच मान होता असं मला वाटतं. ते भाषांतर आज कुठेही उपलब्ध नाही. असतं तर तुझ्या-माझ्यासारख्यांना लेगच्या इंग्रजीतून चीनला वळसा घालून जावं लागलं नसतं.

तर मग वाचायचं कसं? मला एक खोड आहे. जुन्या पुस्तकात उपदेश दिसला, की मी आधी विचारते, हे कोणाला सांगितलंय? ऐकणारा कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे? लाओत्सेला हा प्रश्न विचारून बघ. तू ज्याला मनःशांतीचं पुस्तक समजून उशाशी ठेवलं आहेस, त्यातला केवढा तरी भाग राजाशी बोलतो. वाढते कर, वाढते कायदे, सैन्य जाऊन आल्यावर ओसाड पडलेली शेतं, हे त्याचे विषय आहेत. धडपड कमी कर, हे तो सिंहासनावरच्या माणसाला सांगतो आहे, कारण त्याच्या एका धडपडीपायी लाखभर माणसं घरदार सोडून भिंती बांधायला जुंपली जातात.

हे केवळ माझं तर्कट नाही, जमिनीखालून पुरावा निघाला आहे. १९७३ च्या अखेरीस हूनान प्रांतातल्या चांगशा शहराच्या कडेला, मावांगद्वी नावाच्या जागी, इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेली एक कबर उघडली. चांगशा राज्याच्या प्रधानाचा मुलगा तिथे पुरला होता. लाखेच्या पेटीत रेशमावर लिहिलेली पुस्तकं होती आणि त्यांत ताओ ते चिंगच्या दोन प्रती. दोन्हींमध्ये आजच्या पुस्तकाचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर. म्हणजे ज्या गूढ पहिल्या प्रकरणावर जगभर एवढी शाई खर्च झाली, ते तिथे मध्यावर. एका प्रतीच्या आधी त्याच रेशमावर राज्यकारभाराविषयीचे चार ग्रंथ लिहिलेले. त्याच कबरीत नकाशे निघाले, त्यांतला एक सैन्याच्या ठाण्यांचा. पुस्तक कोणाच्या संग्रहात होतं आणि कशाच्या शेजारी ठेवलं होतं ते बघ, म्हणजे पुरे.

मग १९९३ मध्ये हूपै प्रांतात क्वोतियन इथे आणखी जुनी कबर सापडली, इ.स.पू. ३०० च्या आसपासची. तिथे बांबूच्या पट्ट्यांवर आजच्या मजकुराचा दोन पंचमांशाच्या आतबाहेर भाग होता, आणि त्याच कबरीत कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथही. गंमत पुढेच आहे. आजच्या लाओत्सेच्या एकोणिसाव्या प्रकरणात कन्फ्यूशियसवाद्यांच्या लाडक्या सद्गुणांवर सरळ हल्ला आहे. क्वोतियनच्या पट्ट्यांवर त्या जागी कृत्रिमपणा आणि चलाखी सोडायला सांगितलं आहे; सद्गुणांशी भांडण नाहीच. हे भांडण मागाहून तीव्र झालं असावं. ‘लाओत्से म्हणतो’ असं आपण म्हणतो तेव्हा कितीजण बोलत असतात कोण जाणे. इ.स.पू. १०० च्या सुमाराला इतिहास लिहिणाऱ्या सिमा च्यनलाही लाओत्से नक्की कोण हे ठरवता आलं नव्हतं. त्याने दोनतीन नावं पुढे ठेवली आणि विषय संपवला. मला हा माणूस फार आवडतो.

वू वेई प्रत्यक्षात कसं दिसतं, याची सिमा च्यननेच सांगितलेली एक गोष्ट तुला सांगते. तुमच्या त्या शिबिरवाल्यांनी ही सांगितली नसणार. छिन साम्राज्याने वेठीला माणसं जुंपून रस्ते, भिंती, थडगी बांधली आणि पंधरा वर्षांत ते कोसळलं. मग यादवी, मग हान घराणं. लोक अर्धमेले झाले होते. नव्या राज्याची घडी बसवली श्याओ ह या प्रधानाने. तो इ.स.पू. १९३ मध्ये वारला आणि त्याच्या जागी त्साओ शेन आला, अनेक लढाया केलेला सेनापती. हा प्रधान झाला आणि काहीच करीना. जुने नियम होते तसे ठेवले. शब्दांचा कीस काढणारे आणि नाव कमवायची घाई झालेले अधिकारी काढून टाकले, मितभाषी वयस्क माणसं नेमली आणि दिवसरात्र दारू पीत बसला. कोणी सुधारणेची योजना घेऊन आला, की त्याला दारू पाजायची. तो पुन्हा तोंड उघडू लागला, की आणखी पाजायची. शेवटी तो डुलत घरी.

तरुण सम्राट ह्वी अस्वस्थ झाला. त्याने त्साओ शेनच्या मुलाला सांगितलं, घरी जाऊन बापाला विचार, पण मी विचारलं असं सांगू नकोस. मुलाने विचारलं. बापाने त्याला दोनशे फटके मारले. (या फटक्यांना सहज कृती म्हणायचं का, हा प्रश्न टीकाकारांनी सोडूनच दिला आहे.) मग सम्राटाने दरबारात जाब विचारला. त्साओ शेनने टोपी काढून क्षमा मागितली आणि उलट विचारलं, महाराज, तुम्ही श्रेष्ठ की तुमचे वडील? वडील. आणि मी श्रेष्ठ की श्याओ ह? तू थोडा कमीच. मग त्या दोघांनी घालून दिलेलं आपण नीट सांभाळलं, तर आणखी काय पाहिजे? सम्राट गप्प झाला. त्याच्या मागून आलेल्या वेन आणि चिंग या सम्राटांच्या काळातही हेच धोरण राहिलं आणि जमिनीचा सारा उत्पन्नाच्या तिसाव्या हिश्शापर्यंत उतरला. पिढ्यान्पिढ्या पिळून निघालेल्या कुणब्याला वू वेई कळलं असेल ते असं, दारात सरकारी माणूस न येण्यातून.

लाओत्सेमध्ये मोठ्या राज्याचा कारभार आणि बारीक मासे शिजवणं यांची सांगड घातलेली आहे. ती तुला मी समजावून सांगायला नको. आपल्याकडे मांदेली तव्यावर टाकून सारखी उलटणाऱ्या सुनेला सासू काय म्हणते ते तू ऐकलेलं आहेस. राजा जर दर महिन्याला कायदे उलटेपालटे करू लागला, तर प्रजेचं तेच होतं. हा अर्थ माझा नव्हे, इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या हान फेइचा. लाओत्सेवरचं आपल्याला उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भाष्य त्याचंच.

आणि इथेच सावध राहा. हा हान फेइ कडक शिक्षांचा पुरस्कर्ता. त्याने वू वेईमधून राजासाठी एक हत्यार घडवलं. राजाने काही करू नये, काही बोलू नये, आपल्याला काय आवडतं ते दाखवू नये; म्हणजे मंत्र्यांना खुशामत कशी करावी ते कळणार नाही. काम मंत्र्यांनी करायचं. यशस्वी झालं तर कीर्ती राजाची, फसलं तर दोष मंत्र्याचा. वाचताना तुला तुमच्या ऑफिसातल्या कोणाची आठवण आली, तर तो योगायोग समज. तेच पुस्तक, तीच कल्पना. एकाने तिच्यातून साऱ्याचं ओझं उतरवलं, दुसऱ्याने वरिष्ठाला हात झटकायची सोय करून दिली. म्हणून म्हणते, कोणाला सांगितलंय ते बघ. वरच्याने स्वतःला सांगितलं तर वू वेई कळतं. वरच्याने खालच्याला सांगितलं, की माझे कान टवकारतात. कामाचं ओझं दुप्पट करून वर सहज राहा म्हणणं लाओत्सेत कुठेही नाही.

आता तू म्हणशील, मग माझ्यासारखीला यात काही आहे की नाही? आहे, पण त्यासाठी च्वांगत्सेकडे जा. तिथे राजे येतात ते बहुतेक ऐकून घ्यायला. बोलतात खाटीक, सुतार, कुबडे, पोहणारे. त्याच्या तिसऱ्या प्रकरणातला तिंग नावाचा बल्लव तुझ्या शिबिरातही आला असेल, कारण त्याच्याशिवाय हल्ली कोणाचं भाषण होत नाही. राजवाड्यात बैल कापताना त्याचा सुरा असा चालतो, की जणू नाच आणि संगीत चाललंय. साधा बल्लव महिन्याला सुरा बदलतो, चांगला वर्षाला. याचा सुरा एकोणीस वर्षांचा, हजारो बैल कापलेला, तरी धार नुकती लावल्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालतच नाही, सांध्यांमधल्या फटीतून सुरा नेतो. इथपर्यंत सगळे सांगतात आणि थांबतात.

तू थांबू नकोस. तिंग पुढे सांगतो, की आरंभी त्याला समोर नुसता अख्खा बैल दिसायचा, आणि तसा दिसायचा थांबायला तीन वर्षं लागली. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आजही सांध्यांची गुंतागुंत आली, की तो बिचकतो. नजर रोखतो, हात मंदावतो, सुरा अगदी किंचित हलवतो. तेव्हा कुठे मातीचं ढेकूळ फुटावं तसं सगळं सुटं होतं. एकोणीस वर्षांच्या कसबानंतरही अवघड जागा अवघडच राहते, आणि ती ओळखणं हेच कसब. धडपड नको म्हणजे सावधपणाही नको, असं मानणाऱ्याच्या हातात हा सुरा दिला तर बोटं जातील.

एकोणिसाव्या प्रकरणात चिकट्या काठीने झाडावरचे सिकाडा किडे अलगद टिपणारा एक कुबडा म्हातारा आहे. कन्फ्यूशियस त्याला युक्ती विचारतो. म्हातारा सांगतो, की पाचसहा महिने काठीच्या टोकावर गोळ्या तोलायचा सराव केला. आधी दोन, मग तीन, मग पाच. म्हणजे अगदी शाळकरी उजळणी. पण त्याच प्रकरणात धबधब्याखालच्या भोवऱ्यात पोहणारा एकजण आहे. तो म्हणतो, माझी काही विद्या नाही, पाण्यात वाढलो, पाणी नेईल तसा जातो. सरावाने येतं की अंगात मुरलेलं असतं? पुस्तक दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतं आणि निकाल देत नाही. देईलच कसं? ते एका हाताचं नाहीच. हान काळातल्या यादीत च्वांगत्सेची बावन्न प्रकरणं आहेत. इ.स. ३१२ मध्ये वारलेल्या क्वो श्यांगने त्यांतली काटछाट करून तेहेतीस ठेवली आणि त्यांवर भाष्य लिहिलं. आपण वाचतो तो त्याने निवडलेला च्वांगत्से. पहिली सात प्रकरणं खुद्द च्वांगत्सेची असं परंपरा मानते, बाकीची बहुतेक मागच्यांची. लाओत्सेचंही तसंच. गेली सतराशे वर्षं ज्याच्या भाष्यातून तो वाचला जातो, तो वांग बी इ.स. २४९ मध्ये वारला, वय तेवीस. तुझ्याहून लहान. तेव्हा ‘मला काय कळणार’ हे कारण मला पुन्हा सांगू नकोस.

पुस्तकं वाचून हे काही हाती लागतं का, हा तुझा खरा प्रश्न आहे, आणि तो तुझ्याआधी च्वांगत्सेच्या तेराव्या प्रकरणातल्या चाकं घडवणाऱ्या कारागिराने विचारला आहे. छीचा अधिपती ह्वान वरच्या दालनात वाचत बसलेला. खाली काम करणारा प्येन छिन्नी-हातोडी ठेवून वर येतो आणि विचारतो, काय वाचताय? ज्ञानी पुरुषांची वचनं. जिवंत आहेत का ते? नाहीत. मग तुम्ही वाचताय तो गाळ आहे, रस निघून गेला. राजा भडकतो आणि म्हणतो, पटवून दे, नाहीतर मरशील. प्येन आपल्या कामाचंच सांगतो. घाव फार हळू घातला तर पकड येत नाही, फार जोरात घातला तर हत्यार लाकडात रुततं. या दोन्हींमधलं जे आहे ते हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. स्वतःच्या मुलालाही ते देता आलं नाही, म्हणून सत्तराव्या वर्षीही तोच चाकं करतो आहे. पुष्कळ लोक ही गोष्ट सांगून पुस्तकं मिटतात. पण ग्रंथ हा गाळ आहे, हे आपल्याला ग्रंथातूनच कळलं, ही च्वांगत्सेवाल्यांची थट्टा त्यांच्या लक्षात येत नाही. आणि इथेही ऐकणारा राजाच आहे बघ, दालनात बसून मोठ्यांच्या वचनांवर राज्य करू पाहणारा. प्येनच्या मुलाला कोणी असं सांगितलेलं नाही, की तू शिकूच नकोस.

१९७५ मध्ये पुण्याला कोरेगाव पार्कात रजनीशांनी लाओत्सेवर प्रवचनं दिली, त्यांची पुस्तकं तुला कुठेही मिळतील. बोलणं रसाळ आहे. पण त्यात लाओत्से किती आणि रजनीश किती, हे ठरवायला आधी मूळ वाचलेलं असावं लागतं. म्हणून तुला बर्टन वॉटसनचा च्वांगत्से पाठवते आहे. १९६८ चा अनुवाद आहे, जुना, पण त्यातला विनोद शाबूत आहे. सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नकोस. ते प्रचंड पक्ष्याचं वर्णन सुंदर आहे, पण नवख्याला भोवळ येते. तीन, तेरा आणि एकोणीस वाच, मग मागे ये. लाओत्से मात्र सतराव्या प्रकरणापासून धर. राज्यकर्त्यांची तिथे प्रतवारी लावली आहे. ज्याची प्रजेला जेमतेम जाणीव असते तो सर्वांत वरचा, आणि ज्याला लोक तुच्छ लेखतात तो तळाचा. तुमच्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ते प्रकरण विसरून आलीस, तर मी तुला रागावणार नाही. आणि वाढलेल्या कामाबद्दल त्यांच्याशी स्पष्ट बोल. भोवऱ्यात पोहणारा पाण्याशी झगडत नाही, पण त्याला भोवऱ्यात कोणी ढकललेलं नव्हतं.

एक गोष्ट मुद्दाम तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. च्वांगत्सेच्या बाराव्या प्रकरणात एक म्हातारा माळी विहिरीत उतरून घागर भरतो आणि वर येऊन वाफ्यांना पाणी घालतो. कन्फ्यूशियसचा शिष्य त्झकुंग त्याला सांगतो, की मागे जड आणि पुढे हलका असा लाकडी दांडा बसव, दिवसाला शंभर वाफे भिजतील, श्रमही नाहीत. माळ्याला ते यंत्र ठाऊक असतं. वापरायची त्याला लाज वाटते. यंत्राबरोबर मनही यंत्राचं होतं, असं त्याच्या गुरूने त्याला सांगितलेलं. म्हणजे ज्या पुस्तकाचं नाव घेऊन जग श्रम वाचवायला निघालंय, त्यातला हा माणूस हट्टाने जास्त श्रम घेतो. त्झकुंग खजील होऊन परत जातो. मला तो खजील झालेला आवडत नाही. लहानपणी मी विहिरीवरून पाणी वाहिलेलं आहे आणि मला तो दांडा हवा होता. तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतेस, तुझं मत वेगळं पडेल. वाचून झालं की सविस्तर लिही, माळ्याच्या बाजूने लिहिलंस तरी चालेल, मी भांडायला तयार आहे.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या